खर्चाचा जामीन

सेलूच्या कोर्टात ज्या दिवशी यशोदाबाईंना जामीनदार आणायचा हुकूम झाला, त्या दिवशी त्या आपल्याच वकिलावर उखडल्या.

"म्या काय कोनाचं घर फोडलं? जमीन माह्या बापाची, हिस्सा मी मांगून राह्यली, अन् जामीन बी म्याच द्यायचा?"

आकांक्षा वकील वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिनं त्यांना हाताला धरून बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"मावशी, हा तो जामीन नाही. तुम्हाला कोणी पकडून नेत नाही. हा खर्चाचा जामीन. तुमच्या भावाचं म्हणणं एवढंच, की उद्या तुम्ही हरलात तर त्यांचा कोर्टाचा खर्च वसूल कोणाकडून करायचा? तुमच्या नावावर ना घर, ना शेत. म्हणून कोर्टानं साठ हजारांची हमी मागितली. रोख भरा, नाहीतर ज्याच्या नावावर जमीन आहे असा माणूस उभा करा. महिनाभराची मुदत आहे. नाही जमलं तर दावा खारीज."

"माह्या नावावर शेत नाई, कारन ते त्यानं घेतलं. म्हनून तं मी कोर्टात आली!"

"हो. पण ते अजून ठरायचं आहे."

यशोदाबाईंचं म्हणणं अगदी सरळ होतं आणि सरळ म्हणणं कोर्टात फार वेळ उभं राहू शकत नाही, हे बासष्टाव्या वर्षी त्यांना नव्यानं कळत होतं. भावानं हिस्सा दाबला म्हणून हात रिकामे, आणि हात रिकामे म्हणून त्याच भावाच्या खर्चाची काळजी त्यांनीच वाहायची.

आता नुसतं माणूस गरीब आहे म्हणून कोर्ट असा जामीन मागत नाही. कारण लिहावं लागतं. न्यायाधीश साहेबांनी कारण लिहिलं होतं, आणि ते कारण यशोदाबाईंनी स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं. तेही कोर्टात नव्हे, भावाच्या घरी, पाटासमोर उभं राहून.

त्यांचं माहेर केळझरजवळच्या खेड्यात. वडिलांची अकरा एकर जमीन, विहिरीसकट. वडील गेले तेव्हा धाकट्या भावानं, किसनरावानं, तलाठ्याकडं वारस म्हणून एकट्याचं नाव लावलं. बहीण आहे हे तो विसरला असं म्हणावं, तर दर दिवाळीला तिला आणायला गाडी पाठवायला मात्र तो कधी विसरला नाही. यशोदाबाईंना हे कळलं बऱ्याच वर्षांनी. त्यांनी पहिला दावा लावला तो तीन वर्षांपूर्वी. त्या दिवाळीलाही गाडी आली, आणि त्या गेल्या. दावा कोर्टात, भाऊबीज घरात, असा त्यांचा हिशेब होता. किसनरावाचा हिशेब वेगळा होता.

तो पाटावर बसला. यशोदाबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं आणि ओवाळणीसाठी ताट पुढं धरलं. ओवाळणी पडेपर्यंत बहिणीनं ताट खाली ठेवायचं नाही, हे काय कोणी सांगावं लागतं? किसनरावानं खिशात हात घातलाच नाही. त्यानं दोन्ही हातांनी ताटाची कड धरली आणि सगळ्या घरादारासमोर घळाघळा रडू लागला.

"बाई, येवढ्या वर्सी ओवाळनी मी देत नाई. तूच मले दे. केस वापस घे. तुह्या हिश्श्याचं आपन घरातच बसून पाहू. बाबाच्या फोटोची आन."

ताटातला दिवा फडफडत होता. सून पाहत होती, नातवंडं पाहत होती, शेजारच्या दोन बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. यशोदाबाईंचे हात भरून आले. भाऊबीजेच्या ताटासमोर भावाला नाही म्हणणारी बहीण अजून त्या गावात जन्माला आलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "घेते." मग किसनरावानं डोळे पुसले आणि ताटात साडी ठेवली, मोरपंखी रंगाची.

दावा मागं घेतला तेव्हा कोर्टानं हुकूम केला, की समोरच्याला झालेला खर्च बाईंनी द्यावा. कोर्टाच्या व्हरांड्यात किसनराव हसून म्हणाला, "खर्च कायचा वं बाई? भाऊबहीन आपन." यशोदाबाईंना गहिवरून आलं. खर्च त्यांनी दिला नाही, त्यानं मागितला नाही, आणि घरात बसून जे पाहायचं होतं ते दोन वर्षं कोणी पाहिलं नाही. विचारायला गेलं की किसनराव कधी सोसायटीच्या मिटिंगला गेलेला, कधी नागपूरला. शेवटी त्यांनी दुसरा दावा लावला. आकांक्षानं सांगितलं होतं, वाटणीचा दावा पुन्हा लावता येतो. पहिल्याच तारखेला किसनरावाच्या वकिलानं तो जुना हुकूम काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. ही बाई दावे लावते, मागं घेते, खर्च बुडवते, आणि हिच्याकडून वसूल करावं तर हिच्या नावावर काही नाही. कागदावर पाहिलं तर त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

साठ हजार रोख यशोदाबाईंजवळ कुठून असणार? अंगावरचं सोनं पोराच्या लग्नात मोडलेलं. म्हणजे जामीनदार शोधणं आलं. त्या कामाला लागल्या आणि आपल्या माणसांची जरा जास्तच ओळख होऊ लागली. चुलत दिरानं चहा पाजला आणि सातबारा बँकेत अडकल्याचं सांगितलं. मावसभाऊ "उद्या येतो" म्हणाला आणि अमरावतीला लेकीकडं निघून गेला, फोन बंद करून. एका जावेनं तर दारातच हात जोडले, "आमाले किसनरावसंगच राहा लागते, बाई." किसनराव सोसायटीचा संचालक. पेरणीच्या कर्जाला त्याची शिफारस लागायची. यशोदाबाईंच्या हिश्श्यानं कोणाचं काय पिकणार होतं?

बाविसाव्या दिवशी न बोलावता आला तो हरिदास. हरिदास उईके. त्याचा बाप यशोदाबाईंच्या वडिलांकडं वर्षाच्या बोलीवर राबायचा. दोघं एकाच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाढली. लहानपणी यशोदाबाईंनी त्याला राखी बांधली ती कायमचीच. त्याची स्वतःची चार एकर जमीन जंगलाच्या कडेला होती. बियाण्याच्या रिकाम्या थैलीत सातबारा गुंडाळून तो सकाळच्या एसटीनं आला आणि पायरीवरच बसला.

"बाई, मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले कायले तरास, हरिदास."

"तरास कायचा? चाल, उठ. कोठं सही करू ते सांग."

त्या दिवशी यशोदाबाई कोर्टात ताठ मानेनं चालल्या. सख्खा उलटला तर काय झालं, मानलेला उभा राहिला. रस्ताभर त्या हरिदासला सांगत होत्या, हिस्सा भेटला की विहिरीजवळ पहिल्यांदा तूर टाकायची, वडील टाकायचे तशी. ऑफिसात बाबूनं सातबारा हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून आकांक्षाकडं सरकवला. तिनं वाचलं. तिला हे आधीच सुचायला हवं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं.

"काका, ही आदिवासी खातेदाराची जमीन. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही आणि कोर्टालाही जप्त करता येत नाही. म्हणून हमीला चालणार नाही."

"म्हनजे माही जमीन कोनी हिसकू शकत नाई?"

"नाही."

"हे तं चांगलंच हाय." हरिदासनं थोडा विचार केला. "पन मी माह्या राजीनं देतो म्हनलं तरी?"

"तरी नाही."

त्यानं सातबाऱ्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. बाहेर टपरीवर चहाचे पैसे त्यानं यशोदाबाईंना देऊ दिले नाहीत.

"आमची जमीन लुटू नये म्हनून कायदा केला, तो बराबर हाय बाई. माह्या आज्यानं भोगलं ते मले मालूम हाय. पन येवढ्या वर्सानं तुह्या कामी येतो म्हटलं, अन् बाबूनं कागद असा सरकवला." पूर्ण तालुक्यात एकच माणूस मनापासून द्यायला आला होता, आणि नेमकं त्याचंच घेता येत नव्हतं. तो एसटीत चढेपर्यंत यशोदाबाई थांबल्या. परत येताना त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते अडवलं नाही.

आकांक्षानं दुसऱ्या दिवशी फोन केला. "मावशी, एक विचारू? तुमच्या मिस्टरांची शेती होती ना सेलूला? त्यात तुमचं नाव असतं तर हा हुकूमच झाला नसता. किंवा मुलीचं असतं तर तीच उभी राहिली असती. तुमची नावं कोणी काढली?"

"म्याच," यशोदाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खरंच त्यांनीच. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेरवी झाली, आणि पंधराव्या दिवशी त्या पोराला, रजतला, आणि पोरीला, समीक्षाला, घेऊन तलाठी ऑफिसात गेल्या. साध्या कागदावर लिहून दिलं, की आम्हा दोघींना काही नको, घर आणि चार एकर शेत रजतच्या नावावर करा. त्यांच्या भागातल्या चांगल्या घरात असंच करतात. बाईचं नाव सातबाऱ्यावर ठेवणं म्हणजे घरात भांडण ठेवणं, असं त्या स्वतः चारचौघीत सांगत. समीक्षा तेव्हा पोटुशी होती. पेन हातात घेऊन ती क्षणभर थांबली होती. यशोदाबाईंनी तिचं कोपर धरलं.

"कर वं सही. भावाचं घर राह्यलं तं माहेर राह्यते. जमीन घेऊन कोन माहेर गमावते?"

"मले काई नाई पाह्यजे, आई. माहेर राहू दे," समीक्षा म्हणाली आणि सही केली. हे वाक्य यशोदाबाईंनी पुढं महिनाभर गल्लीत अभिमानानं सांगितलं होतं. किती गुणाची पोर! आता तेच आठवून त्यांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

राहिला रजत. घर त्याच्या नावावर, शेत त्याच्या नावावर. तो जामीन राहणारच, सांगायचं काय त्यात, असं धरूनच यशोदाबाईंनी सगळं गाव पालथं घातलं होतं. कारण घरचा माणूस शेवटी ठेवायचा असतो. पण हुकूम झाल्यापासून रजत त्या विषयावर एक शब्द बोलला नव्हता, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. पोरगा वाईट नव्हता. कृषी केंद्रात कामाला होता, आईच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणायचा. त्यांनी जेवताना विचारलं तेव्हा तो "पाहू" म्हणाला. आठ दिवस तो "पाहू"च म्हणत राहिला.

तारखेच्या दिवशी सकाळी त्या तयार होऊन बसल्या, तर तो हातात टाइप केलेला कागद घेऊन आला.

"आई, मी राह्यतो जामीन. येतो आत्ताच तुह्यासंग. पन आधी यावर सही कर."

"काय हाय?"

"तू मामाच्या शेतात पोरीचा हिस्सा जिंकली, तं समीक्षा उद्या माह्या दारात उभी राह्यन का नाई? मी विचारलं येका वकिलाले. तलाठ्याकडचा तो साधा कागद टिकत नाई म्हने. हे आपलं पक्कं करून ठेवू."

यशोदाबाईंनी चष्मा लावला. लिहिलं होतं, की समीक्षाला लग्नानंतर सोनं देऊन तिचा हिस्सा भागवलेला आहे, तो तिनं राजीखुशीनं घेतला, आणि हे मी तिची आई शपथेवर सांगते.

"सोनं कवा देल्लं रे तिले?"

"आई, कोन पाह्यते आता?"

"मी पाह्यली ना. गुंजभर नाई देल्लं."

"मंग नको करू सही. माह्या लेकराबाळांचा घास मी कोर्टात गहाण नाई ठेवत." तो चिडला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा सांगत होता, आणि यशोदाबाईंना त्याचंच भय वाटलं. किसनराव निदान रडला तरी होता.

यशोदाबाई त्या कागदाकडं पाहत राहिल्या. एक सही केली की विहीर होती, तुरीचं वावर होतं, बापाच्या नावाखाली आपलं नाव होतं. पेन रजतनं उघडून ठेवलं होतं. आणि कोणीतरी आपलं कोपर धरलं आहे, असं त्यांना उगाच वाटत राहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चपला घातल्या आणि त्या एकट्याच ऑटोत बसल्या.

कोर्टात आकांक्षानं पंधरा दिवसांची मुदतवाढ मागितली. किसनरावाच्या वकिलानं हरकत घेतली. साहेबांनी चष्म्यावरून यशोदाबाईंकडं पाहिलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "बाई, पंधरा दिवसांनी तरी कोणी येणार आहे का तुमच्याकडून?"

"येईल" म्हटलं असतं तर कदाचित पंधरा दिवस मिळाले असते. पण पंधरा दिवसांनी तोच कागद, तेच पेन.

"कोनी नाई, साहेब," त्या म्हणाल्या.

दावा खारीज झाला. पुकारा, हुकूम आणि पुढचं प्रकरण, सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. बाहेर किसनराव त्यांची वाट पाहतच उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

"बाई, जे झालं ते झालं. भाऊबीजेले गाडी पाठवतो. येजो."

"नको पाठवू."

"मनात नको ठेवू वं. माहेर तुहंच हाय."

यशोदाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याला खरंच वाटत होतं, की त्याचं काही चुकलेलं नाही. त्या ऑटोकडं वळल्या.

भाऊबीजेला समीक्षा आली. कारंजा घाडग्याहून, दोन पोरं घेऊन. तिचा नवरा तिकडं हायवेवरच्या ढाब्यात भागीदार होता. यंदा त्यात खोट बसली आहे, हे तिनं सांगितलं नाही, पण पोरांचे कपडे मागच्या दिवाळीचे होते. रजत पाटावर बसला. समीक्षानं ओवाळलं आणि ताट पुढं धरलं. रजतनं खिशातून ओवाळणीचं पाकीट काढलं.

"थांब," यशोदाबाई म्हणाल्या.

त्या उठून लेकीजवळ गेल्या. "समीक्षा, ताट खाली नको ठेवू. आत्ताच मांग. तुह्या बाबाच्या शेतात तुहा हिस्सा हाय. तो तलाठ्याचा कागद टिकत नाई. म्या तुह्या हातून चुकीची सही घेतली. भावाले सांग, ओवाळनीत मले माहा हिस्सा पाह्यजे. माह्यासमोर सांग."

रजत जागचा हलला नाही. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समीक्षानं ताटातला कललेला दिवा सावरला.

"आई, सनाच्या दिवशी काय लावलं हे?"

"याच्या कागदावर म्या खोटी सही केली असती तं माहा दावा जित्ता राह्यला असता. नाई केली. तुह्यासाठी नाई केली, माय."

"मी सांगतलं होतं का तुले?" समीक्षा म्हणाली. रागानं नव्हे, थकून. "बापाच्या शेतासाठी तू कोर्टात गेली. काय भेटलं तुले? भाऊ गेला, माहेर गेलं. साऱ्या तालुक्यात येक जामीनदार बी नाई भेटला तुले. मी गेली तं माह्याकून कोन उभं राह्यन? तू? तुह्या नावावर काय हाय?"

समीक्षानं भावाकडं पाहिलं, मग खाली ताटाकडं.

"मले काई नाई पाह्यजे," ती म्हणाली. "माहेर राहू दे."

तेच शब्द. त्याच क्रमानं. लेकीला चालायला, बोलायला, भाकरी थापायला शिकवलं तसं हेही यशोदाबाईंनीच शिकवलं होतं, आणि पोर पहिल्यापासूनच हुशार होती.

रजतनं पाकीट ताटात टाकलं. समीक्षानं ताट खाली ठेवलं आणि भावाच्या पाया पडली.